कपाळावरचं गोंदण

फौजेच्या भरतीचे सगळे नियम मी डोळे झाकून मान्य केले होते. चार वर्षं नोकरी, तोवर लग्न नाही, पाठवतील तिथे जायचं आणि पुढे ठेवून घेतीलच याची खात्री नाही. लग्नाचं तर बरंच झालं, सारखी स्थळं आणणारी आत्या गप्प बसली. घोडं अडलं ते माझ्या कपाळावर.

आमच्या पाड्यावर मुलगी मोठी झाली की कपाळावर आणि हनुवटीवर गोंदतात. माझंही जत्रेत गोंदलं होतं. धामणकर नाक्यावरच्या भरतीच्या क्लासमधले सर म्हणाले, "रनिंग एक नंबर, हाईट बरोबर. पण तोंडावरचं टॅटू नाय चालत. आदिवासींना सूट आहे, दाखला लागतो. तरी मेडिकलवाल्याने आडकाठी केली तर? रिस्क कशाला? लेझर मारून टाक."

"सूट आहे ना? मग झालं."

"फौजेत उलट बोलायचं नसतं."

"अजून गेलेय कुठे फौजेत?"

घरी आई सरांच्याच बाजूची निघाली. "काढून टाक गं बाय. गोदामात कामाला जाते तिथं ह्याच्यापायी मला जंगली म्हनतात. तुला न्हाय कोनी म्हटलं पायजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो काढताना ती मान खाली का घालते, ते मला तेव्हा कळलं. "मग तर मुळीच काढणार नाही," मी म्हटलं. भीती वाटत नव्हती असं नाही. भरतीचं वय संपत आलं होतं, परत संधी मिळणार नव्हती.

मेडिकलला दाखला घेऊन उभी राहिले. डॉक्टर मॅडमनी कपाळावर अंगठा घासून पाहिला. "ये क्या है?"

"गोदना है मॅडम. हमारे में सबका होता है."

त्यांनी दाखला नीट वाचला, बाजूला ठेवला. मग ओळखीची खूण लिहायची म्हणून माझ्या हातांवर तीळ शोधू लागल्या. शोधता शोधता थांबल्या. "छोडो, ये है ना," म्हणाल्या आणि लिहून टाकलं.

घरी येऊन आईला सांगितलं, पास झाले आणि ओळखीची खूण म्हणून गोंदण लिहिलं.

"म्हंजे सरकार तुला ह्याच्यावरून वलखनार?"

"हो. आता काढ म्हणालीस तरी काढता यायचं नाही."