हार घातलेली अँबेसडर

दोन हजार तेवीस साल. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं, अन् त्या साली माझी अँबेसडर पेपरात आली.

शाळा मी चौथीत सोडली, गाडी मात्र कधी सोडली न्हाई. नेकनूरच्या आसपासच्या कितीतरी गावांचे नवरदेव परण्याला, म्हणजे लग्नाआधी मारुतीच्या दर्शनाला, माझ्याच पांढऱ्या गाडीतून मिरवत गेलेत. जीपला ती ऐट न्हाई. अलीकडं तर बीडला कुठंबी लावली की पोरं भोवती जमतात, मोबाइलवर फोटो काढतात. असाच कुणाचा तरी फोटो बघून एक पत्रकार घरी आला. ही गाडी बनायची बंद झाली तरी तुमची रस्त्यावर कशी, ते त्याला लिहायचं होतं. मी म्हणालो, खुशाल लिही, पण रोज चालती असं लिही. त्यानं येतानाच झेंडूचा जाडजूड हार आणला होता. तो बॉनेटवर चढवला, मला शेजारी उभं केलं अन् फोटो काढला.

रविवारी छापून आलं. मी बोट ठेवून सगळं वाचलं. मथळा होता, 'एका राजेशाही गाडीच्या आठवणी'. आत सगळं 'होती', 'धावायची', 'मिरवायची'. 'आहे' म्हणून एकदाबी न्हाई. फोटोतून मला कापलं होतं, राहिली ती हार घातलेली गाडी. तीबी दोन श्रद्धांजलीच्या जाहिरातींच्या मधोमध.

घरची मालकीण म्हणाली, "गेली म्हणायची बिचारी. दहावा कधी घालता?"

पत्रकाराला फोन लावला. तो म्हणाला, काका, लेख लोकांना लई आवडला.

संध्याकाळी नेकनूरहून फोन आला. पुढच्या आठवड्यात तिथल्या एका पोराचं लग्न होतं अन् परण्याला माझी गाडी ठरलेली. फोनवर त्या पोराचा बाप. तो स्वतःबी नवरदेव असताना माझ्याच गाडीत बसलता. आधी त्यानं सरकीचे भाव विचारले, मग गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाला, "मामा, राग धरू नका. आई म्हणती, मेलेल्यावाणी हार घातलेली गाडी शुभकार्याला नको. जीप सांगितलीय."

भाड्याचं मला काही न्हाई. पण एका घरानं नको म्हणलं की दुसरं म्हणणार, तिसरं म्हणणार. मग गाडी खरंच त्या मथळ्यातली व्हायची. ते मी होऊ देणार नव्हतो.

मी विचारलं, "तुझ्या परण्याला गाडीत कोण बसलतं बे?"

"मीच की."

"गळ्यात काय होतं?"

"हार की."

"मग तू काय मेलता?"

तो हसला. म्हणाला, मला पटतंय मामा, पण आईला कोण सांगणार. ते खरं होतं. त्या म्हातारीला फोनवर आजवर कुणी जिंकलेलं न्हाई, म्हणून मी तिला फोन द्यायला सांगितलंच न्हाई. उद्या घरातल्या बायका कुठं जाणार हायेत का, एवढं विचारलं. तो म्हणाला, बस्ता बांधायला, लग्नाचे कपडे घ्यायला बीडला चालल्यात, एसटीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आत मी गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली. हॉर्न दिला न्हाई, इंजिन तेवढं चालू ठेवलं. म्हातारी बाहेर आली. आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही जित्ती हाय व्हय?"

"हात लावून बघा, आक्का."

तिनं बॉनेटवर तळवा टेकवला. इंजिनाची धडधड हाताला लागली तशी जरा वेळ तिथंच ठेवला. मग सुनांना हाक मारली, जीपवाल्याला नको म्हणून सांग असं पोराला बजावलं. मी पुढचं दार उघडून तिला बसवलं अन् बीडचा रस्ता धरला.