आर्डिसचं तोंड आणि रीसचा खांदा

आर्डिस क्लिमचुकशी भांडायचं असेल तर आधी पोटभर खाऊन यावं, असं आमच्या हार्विनमध्ये म्हणतात, कारण ती लवकर सोडत नाही. बाई साठीची, बुटकी, शाळेची बस चालवते. बसमधली पोरं तिने आरशातून नुसतं पाहिलं तरी चिडीचूप होतात. नवरा मर्व्ह अल्बर्टात तेलाच्या कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मुलगी व्हँकूव्हरला असते, नाताळात फोन करते. या दोघांबद्दल आर्डिस कधी चकार शब्द काढत नाही. तिचा सगळा राग, सगळी माया आणि सगळा आवाज तिने बर्फावरच्या हॉकीसाठी राखून ठेवलेला. एकदा पंचाला ती काचेपलीकडून इतकं बोलली की बिचारा खेळ थांबवून तिच्याकडे आला, आणि मग आणखी ऐकून परत गेला.

आमची टीम म्हणजे बॅजर्स. सोळा ते वीस वर्षांची पोरं, लांबलांबून आलेली, गावातल्या लोकांच्या घरी राहणारी. अशा घराला आम्ही बिलेट म्हणतो. बिलेटने पोराला जेवू घालायचं, शाळेसाठी उठवायचं, आणि त्याच्याबद्दल जे कळेल ते घरातच ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टींत आर्डिसचा हात धरणारं कुणी नव्हतं.

रीस ओडलुंड तिच्याकडे आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. केनोराचा पोरगा, काडीसारखा, रात्री उशीत तोंड खुपसून रडणारा. पहिल्या हिवाळ्यात त्याला ताप भरला तेव्हा आर्डिसने बस दुसऱ्याच्या हवाली केली आणि त्याच्या उशाशी बसून राहिली. दुसऱ्या कुणासाठी तिने बस कधीच सोडली नव्हती. स्वतःचं पित्ताशय काढलं तेव्हाही ती चौथ्या दिवशी स्टिअरिंगवर होती. आता रीस वीस वर्षांचा होता, टीमचा कॅप्टन होता. तिला 'आर्डी' म्हणायचा, तिच्या दारातला बर्फ काढायचा, तिचे पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, साय लावून ताटच्या ताट संपवायचा. तिने त्याला जन्म दिला नव्हता, एवढंच.

नोव्हेंबरात एका धडकेत त्याचा डावा खांदा निखळला. तो त्याने स्वतःच भिंतीला रेटून बसवला आणि कुणाला कळू दिलं नाही. हॉकीत दुखापतीचं नाव घ्यायचं नसतं. कुठे दुखतंय ते समोरच्यांना कळलं की पुढची धडक नेमकी तिथेच बसते. म्हणून पेपरातसुद्धा 'वरचं अंग' किंवा 'खालचं अंग' एवढंच छापून येतं. आमच्याकडे दाढ दुखणारा माणूसही विचारलं की वरचं अंग म्हणतो. रीसने तर तेवढंही सांगितलं नव्हतं, ना कोचला, ना टीमच्या डॉक्टरला. आर्डिसला मात्र कळलंच, कारण त्याला शर्ट घालता येईना. तेव्हापासून ती रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्याला बसवायची आणि चिकटपट्टीने खांदा करकचून बांधून द्यायची.

जानेवारी उजाडला. खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत संपत आली की गावाचं डोकं फिरतं. थंडीने गाड्या सुरू होत नाहीत, पण तोंडं सुरू असतात. को-ऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर सकाळची मंडळी जमली होती. डेल फ्रीझन, शेतीची यंत्रं विकणारा, स्वतःला गावाचा हॉकीपंडित समजणारा. इंटरनेटवरचं बॅजर्सच्या चाहत्यांचं पान तोच चालवतो. आणि गार्नेट पेलेटियर, धान्याच्या कोठाराचा निवृत्त मॅनेजर, वजनी बोलणारा. कॉफी कुणी पाजायची ते ठरवायला गार्नेट कपात फासे खुळखुळवत होता. बसची पहिली फेरी मारून आर्डिस येऊन बसली तेवढ्यात डेलने बातमी फोडली.

"स्टोनी लेकची टीम व्रोबेलला द्यायला तयार आहे! सतरा वर्षांचा बचावपटू, सहा फूट चार इंच. मोठे क्लब आत्तापासून त्याच्यावर डोळा ठेवून आहेत."

"आणि बदल्यात?" आर्डिसने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"रीस. आणखी कोण? त्यांना यंदा कप जिंकायचाय, त्यांना अनुभवी गडी हवाय."

आर्डिसने कोट काढला नाही. "उंच आहे हे मान्य. माझ्या घरामागे विजेचा खांबही उंच आहे. त्याला घेतलंय का कुणी टीममध्ये?"

"खांब तुझ्यापेक्षा कमी बोलतो," डेल म्हणाला.

"मी बघितलाय तो पोरगा," गार्नेट फासे थांबवून म्हणाला. "पकची चकती कोपऱ्यात गेली की हा आधी मान वळवून मागे बघतो, कोण अंगावर येतंय ते. मऊ आहे."

मऊ. आमच्याकडे खेळाडूला चोर म्हटलेलं चालतं, मूर्ख म्हटलेलं चालतं. मऊ म्हटलं की त्याच्या बापाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"वळून बघतो म्हणजे डोकं आहे!" डेल उसळला. "तू न बघता गेलास जन्मभर, म्हणून आज तुझी दोन बोटं सरळ होत नाहीत. हा पोरगा दोन वर्षं आपल्याकडे राहील. रीसचं काय? मार्चनंतर त्याचं वय संपलं. फुकट जाण्यापेक्षा काहीतरी पदरात पाडून घ्या की."

"जुना ट्रॅक्टर विकल्यासारखं बोलू नकोस, डेल. त्या पोराने चार वर्षं या गावासाठी हाडं झिजवलीत."

"ट्रॅक्टर दीड महिना नुसता पडून राहिला तर मी तोही काढतो विकायला. नाताळाच्या आधीपासून काय केलंय तुझ्या लाडक्याने? फटका मारत नाही, कुणाला भिडत नाही, कडेकडेने फिरतो. तुला कशाला हवाय तो, ते माहितेय सगळ्यांना. घर खायला उठतं म्हणून."

गार्नेट हळूच म्हणाला, "डेल, पुरे."

"पुरे काय? खरं तेच बोलतोय. पेरोगी चारून चारून हिनेच त्याला मऊ करून ठेवलाय."

आर्डिसच्या अंगाचा तिळपापड झाला. घराचं बोलला ते तिने गिळलं असतं. पण तो शब्द, आणि तो रीससाठी! तिने टेबलावर असा हात आपटला की कॉफी सांडली.

"मऊ? अरे, खांदा निखळलाय त्याचा! नोव्हेंबरपासून! हात खांद्याच्या वर जात नाही, शर्ट घालताना डोळ्यांत पाणी येतं पोराच्या. रोज सकाळी मी बांधून देते तेव्हा तो बर्फावर उतरतो. तुझं नख उलटलं तर तू दुकान बंद करशील, आणि तू त्याला मऊ म्हणतोस?"

 शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या. गार्नेटने कप उपडा ठेवला.

"आर्डिस, हे तू बोलली नाहीस. आणि आम्ही ऐकलं नाही. काय डेल?"

डेलने मान डोलावली. आर्डिस तणतणत बाहेर गेली. बस गरम होईपर्यंत ती स्टिअरिंग धरून बसली. मोठी चूक झाली हे तिला कळत होतं. पण खोटं कशाला सांगायचं, त्या चुकीच्या तळाशी तिला थोडं बरंही वाटत होतं. निखळलेला खांदा कोण घेणार? नाही घेणार. राहील पोरगा इथेच, निदान मार्चपर्यंत. हा विचार तिने लगेच दाबून टाकला आणि गिअर टाकला.

डेल फ्रीझनच्या बोटांना गप्प बसायची सवय नाही. दुकानात पोहोचताच त्याने चाहत्यांच्या पानावर लिहिलं: "आतली पक्की बातमी! रीसचा खांदा गेलाय. स्टोनी लेकला कळायच्या आत सौदा उरकून घ्या!" गावाच्या भल्यासाठीच लिहिलं, असं तो आजही छातीवर हात ठेवून सांगतो. ते पान सगळ्या जगाला उघडं आहे आणि स्टोनी लेकचे लोक तिथे रोज आम्हाला शिव्या द्यायला येतात, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलंच नाही. शाळा सुटायच्या आत स्टोनी लेकच्या मॅनेजरपर्यंत बातमी गेली.

आर्डिस घरी आली तेव्हा रीस टेबलापाशी बसला होता, अंगात जाकीट तसंच.

"बोडनारचा फोन आला होता," तो म्हणाला. बोडनार म्हणजे आमच्या टीमचा मॅनेजर. "सौदा मोडला. स्टोनी लेकने खांद्याचं डेलच्या पानावर वाचलं."

आर्डिसला चेहरा आवरता आला नाही. "बरं झालं! मेले निघाले होते तुला विकायला."

"मी हो म्हटलं होतं, आर्डी. त्यांनी मला विचारलं होतं. मी रविवारीच हो म्हटलं."

ती फ्रीज उघडून उभी होती. तो बंद करायचं तिला सुचलं नाही.

"त्यांचा प्रत्येक सामना बघायला मोठ्या क्लबची माणसं येतात. मला तिथे तीन महिने हवे होते, बस. खांदा तेवढे दिवस कसाही ओढला असता मी. नाहीतर मी कोण? केनोरात बापाच्या बोटी दुरुस्त करणारा एक पोरगा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आज सांगणार होतो. जेवताना. तू रडशील म्हणून धीर होत नव्हता."

"त्या डेलने लिहिलं ते! त्या गाढवाला मी..."

"डेलला कुणी सांगितलं?"

 तिने शेगडी पेटवली, भांडं ठेवलं, त्यात पाणी घालायला विसरली. रीस उठून खोलीत गेला आणि जेवायला आला नाही.

खांद्याचं बिंग फुटल्यावर टीमच्या डॉक्टरला बघावंच लागलं. त्याने बघितलं आणि सांगितलं, शस्त्रक्रिया. हंगाम संपला. रीसचं वयाचं शेवटचं वर्ष, म्हणजे आमच्याकडचं सगळंच संपलं.

पेट्रोल पंपावर डेलने आर्डिसला गाठलं. "तुझ्या तोंडाने टीमचं वाटोळं केलं, बाई!"

"माझ्या तोंडाने? आणि तुझ्या बोटांना काय झालं होतं? लकवा का नाही मारला त्यांना?" ती गरजली. माणसं गाड्यांच्या काचा खाली करून ऐकत होती, उणे तीस अंशांत. पण आर्डिसच्या भांडण्यात नेहमीची मजा नव्हती. डेल उलट काहीतरी बोलला आणि ती मध्येच गाडीत बसून निघून गेली. हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवारी रीसचा बाप केनोराहून पिकअप घेऊन आला. अबोल माणूस. त्याने टोपी काढून आर्डिसचे आभार मानले आणि सामान उचलायला लागला. आर्डिसने गोठवलेल्या पेरोगींचा मोठा डबा भरून ठेवला होता. तो घेऊन ती ओसरीवर आली. रीसचा डावा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता.

"वाटेत नाही, घरी गेल्यावर उकळून घे," ती म्हणाली.

"राहू दे."

"रीस, अरे, तुला कुणी वाईट बोललेलं मला सहन होत नाही. त्याने तुला मऊ म्हटलं."

रीसचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. चढलेल्या आवाजाशी तिला लढता येतं.

"म्हणू दे की. मला काय फरक पडत होता? इतके दिवस माझा खांदा बांधलास, आर्डी. एक दिवस तोंड बांधता आलं नाही तुला."

बापाने मान खाली घातली. गाडी गेली. डबा हातात धरून ती उघड्या दारात इतका वेळ उभी होती की समोरच्या बाईंनी खिडकीतून ओरडून दार लावायला सांगितलं.

बोडनारने व्रोबेलला आणलाच, दुसरे दोन खेळाडू देऊन. आर्डिसने बोडनारला फोन केला.

"खोली रिकामी आहे माझ्याकडे. मोठा पलंग मागवलाय. पोरगा उंच आहे ना, पाय बाहेर येतील त्याचे."

 बोडनार म्हणाला, "तुझ्यासारखं जेवू घालणारं गावात कुणी नाही, आर्डिस. पण आता पोरगा तुझ्याकडे ठेवता येणार नाही. पुढल्या वर्षीही नाही."

व्रोबेल गार्नेटकडे राहायला गेला. ज्याने त्याला मऊ म्हटलं, त्याच्याकडे.

आर्डिसला हवं होतं ते मात्र झालं. रीस स्टोनी लेककडून एकही सामना खेळला नाही.