लंगडा उंट

आमच्या गल्लीतला गिरणीचा टाइमकीपर इंग्रजी डिक्शनरी रुमालात बांधून हिंडायचा. रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर आमचा खेळ चाले. एकाने अवघड शब्द टाकायचा, दुसऱ्याला अर्थ आला नाही तर त्याने चारचौघांत कान धरायचे. तो डोळे मिटून अर्थ सांगे, कधीच हरत नसे. मी शाळामास्तर असून दर रविवारी कान धरी.

शेवटी मी एक शब्दच रचला. ‘क्विंबल.’

त्याने बराच वेळ डोळे मिटले, मग निमूट कान धरले. ‘न्हाय ठावं, मास्तर. अर्थ सांगा की.’

‘लंगडा उंट,’ मी ठोकून दिलं. त्याने ते डिक्शनरीच्या समासात टिपून घेतलं.

महिन्याभराने त्याने मलाच विचारलं, ‘क्विंबल म्हंजे?’

शब्द ओळखीचा वाटला, अर्थ आठवेना. ‘फुटकी घागर,’ मी ठासून म्हणालो.

त्याने रुमाल सोडला आणि तो समास माझ्यापुढे धरला. हसला नाही. कान मी आपणहून धरले.