शनिवारच्या पुलावाची चव

जुलैमधला शनिवार. शाळा नुकतीच सुटलेली. स्थळ: घाटकोपरच्या टेकडीवरची आमची शाळा, मुख्याध्यापिकांची खोली.

हजर: मुख्याध्यापिका बाई. पोषण आहाराचं काम बघणारे गणिताचे सर. शिपाई, दारात उभा, कारण फाटकाची किल्ली त्याच्याकडे. पालक सदस्य म्हणून मी. आणि तिसरीतल्या एका मुलीची आई, जिला कोणी बोलावलं नव्हतं.

गैरहजर: वाटाणा पुलाव. तो अजून टेकडीच्या पायथ्याशी होता.

सभा त्याच्यावरच होती, म्हणून आधी त्याची हकीकत.

माझा मुलगा सातवीत आहे. मला शाळेच्या पालक-शिक्षक समितीत घेतलं ते माझं अक्षर बरं आणि मी वेळेवर येते म्हणून. शनिवारी चव घ्यायची पाळी माझ्याकडे आली. नियम असा की शाळेत आलेलं जेवण मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने चाखायचं, ठीक असल्याचं लिहायचं आणि सही करायची. नियम चांगला आहे. मी घरीही तेच करते, फक्त सही करत नाही.

घोळ शनिवारचा. त्या दिवशी शाळा लवकर सुटते. जेवणाची गाडी आधी खालच्या शाळा करते आणि आमची शेवटी. आमच्या चढावर रिक्षाही कुरकुरत येते, टेम्पो तर येतच नाही. मग डबे पायऱ्यांनी वर. ते पोचेपर्यंत शाळा सुटून अर्धा तास झालेला, मुलं घरी गेलेली, फाटकाला कुलूप.

कुलूप आमच्यासाठी उघडायचं. चव घेणं सक्तीचं आहे ना. खाण्याची तशी सक्ती नाही. सर आणि मी एकेक वाटी घ्यायचो, "चव चांगली" असं लिहायचो, आणि भरलेले डबे आले तसे पायऱ्यांनी खाली जायचे. थोडक्यात, शनिवारी आमच्या शाळेत पोषण व्हायचं ते सरांचं आणि माझं. दोघांनाही डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलेला.

एकदा मी गाडीवाल्याला विचारलं, "दादा, हे परत जातं कुठे?"

"खालच्या तबेल्यात."

"म्हणजे म्हशी खातात?"

"खातात? वाट बघतात, ताई! आणि त्यांना समिती लागत नाही चव घ्यायला."

हे सगळं मी मुकाट्याने चालवून घेतलं असतं, कारण कागदावर सगळं बरोबर होतं आणि मला बरोबर कागद आवडतात. पण फाटकाशी ती तिसरीतली मुलगी उभी असायची. तिची आई खालच्या टॉवरमध्ये घरोघरी स्वयंपाक करते. शनिवारी साहेबलोक घरी, म्हणून तिला सुटायला संध्याकाळ होते. तोवर मुलीचं जेवण म्हणजे बिस्किटाचा पुडा. इतर दिवशी ती शाळेतच पोटभर जेवते. शनिवारी ती गजांतून आत बघायची.

"मावशी, आज काय होतं?"

"वाटाणा पुलाव."

"कसा होता?"

"मीठ कमी होतं गं."

"मला चालतं," ती म्हणाली.

मी मागे वळून सरांना म्हटलं, हिला एक ताटली द्या. सर म्हणाले, "फाटकाबाहेर वाढता येत नाही, आणि शाळा सुटल्यावर मुलांना आत घेता येत नाही." डबे आमच्या देखत खाली निघाले होते. त्याच दिवशी मी सभा मागितली.

सभेत मी विषय एका वाक्यात मांडला. शनिवारी सुटायची घंटा अर्धा तास उशिरा वाजवावी, मुलांनी जेवून घरी जावं.

बाई म्हणाल्या, "सूचना उत्तम आहे. पण वेळापत्रक वरून येतं."

"मग गाडी लवकर येऊ दे."

सर म्हणाले, "गाडीचा मार्गही वरून ठरतो."

आमची शाळा टेकडीच्या टोकाला आहे, तरी सगळं वरूनच येतं. फक्त जेवण तेवढं खालून.

"आणि तो अर्धा तास मुलं कोणाच्या ताब्यात?" सरांनी विचारलं. "कोणाला ठसका लागला तर?"

"उपाशी पोटी चक्कर आली तर?" मी म्हटलं.

"ती घरी येईल. शाळेत नाही."

इतका वेळ मुलीची आई पदराने घाम पुसत उभी होती. पहिल्या घरी स्वयंपाकाला उशीर होणार म्हणून फोन करून आली होती. ती म्हणाली, "बाई, घंटा तुमची, वाजवणारा तुमचा. वाजवा ना उशिरा. कोण वर बसून ऐकतंय?"

शिपाई खोकला. बाईंनी चष्मा काढला. सर म्हणाले, "हा मुद्दा विषयपत्रिकेत नाही." विषयपत्रिकेत तोच एक मुद्दा होता, मी स्वतः लिहिला होता. पण तो मी मांडला की विषय होतो, आणि तिने मांडला की आगाऊपणा.

काहीतरी हाती लागावं म्हणून मी दुसरी वाट काढली. चव घेणाऱ्यांत विद्यार्थी नकोत असं कुठे लिहिलंय? मुलांचीच चव समिती करू. चव घेण्यासाठी थांबली, तर ती शाळेच्या कामासाठी थांबली.

समिती म्हटल्यावर बाईंचा चेहरा उजळला. "झकास! फोटोही काढता येईल."

ठराव एकमताने मंजूर झाला. आई जाताना मला म्हणाली, "ताई, माझीला घ्या हां त्यात." मी म्हटलं, तिच्यासाठीच तर केलंय.

पुढच्या शनिवारी मी गेले, तर फलकाजवळ पाच मुलं ओळीत उभी. पाची वर्गप्रमुख. केस विंचरलेले, छातीला बिल्ले, दप्तरात घरचा डबा. त्यांनी चमच्याच्या टोकाने पुलाव चाखला. एक म्हणाला, "हळद जास्त आहे, सर." दुसरीने वाटाणे बाजूला काढले. फोटो चांगला आला. डबे खाली गेले.

ती मुलगी गजांपलीकडेच होती.

"सर, हिचं नाव?" मी विचारलं.

"मी विचार केला होता," सर गंभीरपणे म्हणाले. "पण तिला विचारलं, तर ती सगळंच चांगलं आहे म्हणते. चव समितीत चिकित्सक मूल हवं."

पण नियम मला पाठ होता. चव किती घ्यायची, हे त्यात कुठेही नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारी मी वाटी नको म्हटलं आणि मोठं ताट मागितलं. मुलीला हाताला धरून फाटकातून आत आणलं. शिपायाने विचारलं, "ही कोण?"

"पालक सदस्याबरोबर आलीये."

तो म्हणाला, "या की," आणि दुसरीकडे बघू लागला. ती पायरीवर मांडी घालून बसली आणि ताट पुसून खाल्लं. सरांनी लिहिलं, "चव चांगली." त्या शनिवारी मला ते पहिल्यांदा पटलं.

माझी पद्धत चालली, असं वाटलं. त्यानंतरच्या शनिवारी फाटकाशी ती होती, तिच्या घराशेजारच्या दोघी बहिणी होत्या आणि त्यांच्यामागे चौथीतली बरीच मुलं.

"मावशी," ती म्हणाली, "यांना पण तुमच्याबरोबर यायचंय."

माझं ताट एकच होतं. मी शिपायाकडे बघितलं. तो म्हणाला, "मॅडम, अर्धा तास कुलूप लावत नाही, माझं काय जातंय? बाईंनी फक्त सांगावं." बाई म्हणाल्या, वरून सांगावं. वर मी तीन अर्ज दिलेत, पोच घेतली आहे. तोवर मुलं माझ्याबरोबर आत येतात, ताटं मी घरून नेते.

शनिवारची घंटा अर्धा तास पुढे नेणे: बाकी.