लाल दगडापुढची तालीम

आमच्या घरमालक काकांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जे केलं ते थेट दुसऱ्यांदा. पहिल्यांदा झालेली ती 'प्रोबे'. प्रोबे म्हणजे जर्मनमध्ये चाचणी किंवा तालीम. काका मूळचे सांगलीचे, मेकॅनिकल इंजिनिअर, आणि चाळीसेक वर्षं इथे जर्मनीतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या चाचण्या घेण्यात गेलेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, चाचण्या सुटल्या नाहीत. यंत्रांच्या जागी संसार आला इतकंच. नवी छत्री आणली की ती उघडून काका कपड्यांसकट शॉवरखाली उभे राहतात. दाताच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर आदल्या दिवशी खुर्चीत मान मागे टाकून, अंडी उकडायचं घड्याळ लावून, वीस मिनिटं आ करून बसतात. पाहुणे यायचे असले तर आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक होतो आणि काका स्वतः पाहुण्यांच्या खुर्चीवर बसतात. काकू वाढतात, काका ताटावर हात आडवा धरून "नको नको, अगदी पुरे" म्हणतात, आणि कितव्या आग्रहाला माणूस विरघळतो ते वहीत लिहून ठेवतात. एकदा या चाचणीतच सगळं श्रीखंड संपलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या पाहुण्यांचं काय झालं, असं मी काकूंना विचारलं. "श्रीखंड नव्हतं," काकू म्हणाल्या, "पण आग्रह अगदी बिनचूक झाला."

मी वाशीमकडच्या एका गावातून हायडेलबर्गला शिकायला आले, तेव्हा माझी आणि त्यांची ओळख नव्हती. विद्यापीठाच्या फलकावर चिठ्ठी होती: माळ्यावरची खोली, शाकाहारी स्वयंपाक चालेल, मांसाहारीही चालेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतात, आई त्यांना तारा गुंडाळून देते. त्यामुळे मला इथे कुठल्याच गोष्टीची सवय नव्हती, आणि न कळलेलं विचारायची तर मुळीच नव्हती. काकांनी वडिलांचा धंदा विचारला. मी जरा चाचरत सांगितला. काका उठून उभेच राहिले. "हाताने रिवाइंडिंग? आल्झो, मग तुला भाड्याची अनामत नको. ज्याच्या हाताखाली मोटार फिरते त्याची पोरगी खोली नीट ठेवणार." खोलीत टेबलावर एक कागद ठेवलेला होता. मला खोली देण्याआधी काका स्वतः तिथे दोन रात्री झोपून आले होते आणि त्याचा अहवाल होता तो. पाऊस छतावर वाजतो, घाबरू नये. उशी खिडकीपासून लांब ठेवावी. तिसऱ्या पायरीवर डोकं आपटतं, माझं आपटलं. माझ्यासाठी आधी कुणी डोकं आपटून घेतलेलं नव्हतं.

काकूंशी बोलताना पहिले काही दिवस मला वाटायचं की माझ्या डाव्या कानाला काहीतरी लागलंय. त्या सारख्या कानाकडे बघायच्या. मी हळूच कान पुसायची. मग एकदा त्यांनीच हसून सांगितलं, "कान स्वच्छ आहे गं. कानाकडे बघितलं की मला तुझा चेहरा दिसतो. सरळ बघितलं की मधोमध नुसता धुराचा गोळा." दोन्ही डोळ्यांचा मधला पडदा झिजत चालला होता. उजवा जवळजवळ गेलेला, डावा चाललेला. किती दिवस, ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. काकू लग्नाआधी कोल्हापूरला चित्रकला शिकत होत्या. तिथे परीक्षेला त्यांनी कंबोडियात अंगकोरला असलेल्या ख्मेर देवळांवरची एक दगडी देवता ग्रंथालयातल्या पुस्तकातून उतरवली होती. सगळं जमलं, ओठांवरचं हसू जमलं नाही. "खरी बघितल्याशिवाय ते जमणार नाही," असं त्यांच्या बाईंनी सांगितलं आणि काकूंनी ते मनावर घेतलं. लग्नानंतर त्या दरवर्षी म्हणायच्या, "आपण अंगकोरला जाऊ," आणि काका म्हणायचे, "जाऊ, पण आधी नीट तयारी." तयारीत तीस-पस्तीस वर्षं गेली. आता डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते बघून घ्या. त्याच आठवड्यात काकांनी अंगकोरजवळच्या सिएम रीप गावातल्या एका गाईडबाईंना ईमेल केला. पाच दिवस, फक्त दोघांसाठी, देवळं आणि थोडं तिथलं जगणं. बाईंचं लगेच उत्तर आलं: या. मला वाटलं, झालं, आता तिकिटं काढतील. काका म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! आता प्रोबे."

पाच दिवसांच्या सहलीची पाच दिवसांची तालीम हायडेलबर्गमध्येच होणार होती, आणि तिथली गाईड मी असणार होते. "काका, मला लोकांसमोर बोलता येत नाही," मी म्हटलं. सेमिनारमध्ये मी शेवटच्या रांगेत बसायची. "आम्ही लोक नाही," काका म्हणाले, "आम्ही पर्यटक आहोत. गाईडबाई, उद्या सव्वानऊला." मग मी देवळांबद्दल वाचलं, वहीत लिहून काढलं आणि कागद धरून उभी राहिले. उन्हाळ्याची तालीम न्हाणीघरात झाली: हीटर लावून, टोप्या घालून, खांदे-गुडघे झाकून आम्ही तिघं टबच्या काठावर बसलो आणि काकांनी दर दहा मिनिटांनी "पाणी!" असा हुकूम सोडला. तोन्ले साप तळ्यावरच्या तरंगत्या गावासाठी नेकार नदीतल्या बोटीची दोन तिकिटं आली. तिसरं आणायला काका विसरले, म्हणून गाईड काठाकाठाने चालत हातवारे करत गेली. माशाचा अमोक हा तिथला पदार्थ करायला मानहाइमच्या आशियाई दुकानातून केळीची पानं आली. काकूंनी त्यात मासा भाजून त्यावर चुकून कोकम टाकलं, आणि काकांनी वहीत लिहिलं, "स्थानिक जेवण उत्तम. मालवणसारखं."

पण खरी तालीम किल्ल्यावर. बांतेय स्रेई नावाचं देऊळ लाल दगडाचं आणि हायडेलबर्गचा किल्लाही लाल दगडाचा, एवढ्यावर काकांनी तो निवडला. किल्ल्याच्या चौकात एका भिंतीवर जुन्या राजांचे पुतळे ओळीने उभे आहेत. त्यातला एक दाढीवाला काकांनी निवडला. "आजपासून हा आपली अप्सरा."

"अहो, याला दाढी आहे," काकू म्हणाल्या.

"दिसली ना? चांगलं आहे. अजून काय दिसतंय?"

काकूंना सकाळी त्याच्यापुढे नेऊन उभं केलं, दुपारी केलं, साडेतीनला पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी तेच. पाच दिवसांची तालीम पंधरा दिवस झाली तरी संपेना. फाटकावरचा माणूस आम्हाला बघून "आज पुन्हा?" विचारायला लागला. काका नुसतं जर्मनमध्ये "हो, हो" म्हणून पुढे जायचे, आणि काकू दाढीवाल्यापुढे उभ्या. मी प्रत्येक वेळी कागदावरून अंगकोरच्या भिंतीवर कोरलेलं समुद्रमंथन वाचून दाखवायची. देव एका बाजूला, दैत्य एका बाजूला, मधे वासुकी. काकू मन लावून ऐकायच्या आणि माझ्या कानाकडे बघत विचारायच्या, "दैत्यांचे चेहरे कसे काढलेत गं? ओढताना दमलेत का?" मी कागद उलटा-सुलटा करायची, त्यात ते लिहिलेलं नसायचं.

एका संध्याकाळी भांडी पुसताना काकू हळूच म्हणाल्या, "तालीम करता करता पडदा पडेल बघ यांचा." हसतच म्हणाल्या. पण ताटली पुसून झाली तरी त्या पुसतच राहिल्या. मला काकांचा फार राग आला. मी कुणावर रागावणारी मुलगी नाही. मला ते जमत नाही, आधी रडू येतं. तरी मी दिवाणखान्यात गेले आणि म्हटलं, "काका, माफ करा, लहान तोंडी मोठा घास घेतेय. पण काकूंकडे इतके दिवस आहेत का?"

काका खिडकीपाशी होते. "कोटाच्या खिशात वही आहे," ते म्हणाले, "ती घे आणि त्या बाईंना ईमेल लिही. माझ्या इंग्लिशमधून त्यांना कळत नाही, मला वेळा का बदलायच्यात ते."

मी वही उघडली. सहलीचं वेळापत्रक असेल असं मला वाटलं होतं. त्यात लिहिलं होतं: साडेनऊ. ऊन उजवीकडून. दाढी दिसली. नाकाची कड दिसली. डोळे नाहीत. बारा. ऊन समोरून. सगळं सपाट. डोळ्यांना पाणी आलं. साडेतीन. ऊन डावीकडून. झग्याच्या चुण्या मोजल्या, सहा. स्वतःहून मोजल्या. ढगाळ. काही नाही. पुन्हा ढगाळ. काही नाही, मला वाईट वाटू नये म्हणून दाढी दिसते म्हणाली. पानामागून पान असंच. किती अंतरावरून, कुठल्या बाजूने, किती वाजता, काय. काका पंधरा दिवस देवळांची चाचणी घेतच नव्हते. पाच दिवसांत काकूंना कुठलं ऊन द्यायचं, तेवढं शोधत होते.

मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सगळं लिहिलं. चार दिवस उत्तर आलं नाही. काकांनी चार दिवस कशाचीच चाचणी घेतली नाही, यावरून घरात काय वातावरण होतं ते समजावं. पाचव्या दिवशी गाईडबाईंचे एकवीस फोटो आले. त्या स्वतः देवळांतून दिवसभर फिरून आल्या होत्या. कुठल्या भिंतीवर किती वाजता तिरकं ऊन येतं, पर्यटकांना अडवणाऱ्या दोरीच्या अलीकडे कुठे उभं राहता येतं, सगळं लिहिलेलं. शेवटी एक ओळ होती: सर, देवळं हजार वर्षं थांबली आहेत, पण मॅडमना थांबवू नका, लवकर या. काकांनी ते तीनदा वाचून घेतलं. "या बाईंनी तिथे प्रोबे घेतली!" ते म्हणाले. "आमच्या कारखान्यात हव्या होत्या त्या." आणि तिकिटं काढली.

थंडीत ते जाऊन आले. आल्या आल्या काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. बायोनच्या देवळावरचे दगडी चेहरे इतके मोठे की ते धुराच्या गोळ्यात मावलेच नाहीत, चारी बाजूंनी बाहेर आले. समुद्रमंथनाच्या भिंतीपाशी त्या सकाळी बाजूबाजूने चालत गेल्या, डोळ्यांच्या कडेने एकेक दैत्य बघत. "दमलेत गं. पण कबूल करत नाहीत." ज्या दिवशी बांतेय स्रेई होतं, त्या दिवशी मात्र ढग आले. गाईडबाईंनी हेरून ठेवलेली ती कोनाड्यातली देवता, तिच्यावर साडेतीनला डावीकडून ऊन यायचं होतं. आलं नाही. तिघं थांबले. गाईडबाईंनी कुठूनतरी प्लास्टिकचं स्टूल आणून काकूंना बसवलं. माणसं येऊन फोटो काढून गेली. देऊळ बंद व्हायची वेळ झाली, तरी काकूंच्या समोर नुसता लाल धूर.

"मग?" मी विचारलं.

"मग मी यांना म्हटलं, अहो, तुम्ही सांगा. तर म्हणतात कसे, उंची पाऊण मीटर. प्रमाण योग्य. डाव्या कोपऱ्यात झीज. मी म्हटलं, इन्स्पेक्शन नको, दिसते कशी ते सांगा. घाम फुटला गं त्यांना. टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. गाईडबाईंना वाटलं ऊन लागलं. शेवटी म्हणाले, तू आपल्या लग्नात स्वागताला उभी होतीस ना, तशी आहे. सगळ्यांकडे बघून हसतेय, आणि मनात म्हणतेय, ही मंडळी जातील कधी."

काकू हसायला लागल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या. काका दारात येऊन म्हणाले, "चूक होती का? तशीच होती."

"कोल्हापूरला माझं जे चुकलं होतं ते हेच," काकू म्हणाल्या. "मी तिला खूश काढलं होतं."

आता डावा डोळाही फारसा राहिलेला नाही. संध्याकाळी दोघं रस्त्याकडच्या गॅलरीत बसतात आणि काका काकूंना रस्ता सांगतात. सांगणं अजूनही फार काही चांगलं नाही. "ट्राम आली. निळी. नाही, निळसर. एक बाई आणि कुत्रा. दोघांत कुत्रा समजूतदार वाटतो." काकू मधेच विचारतात, "पानं आली का झाडाला?" काका उठतात, कठड्यावर वाकतात, नीट बघतात. "वरच्या फांदीला आलीत. हिरवी म्हणता येणार नाहीत. आंब्याच्या कोवळ्या पानासारखा रंग आहे, पण आंब्याचा नाही." काकू मान हलवतात. त्यांना दिसलेलं असतं.

परवा माझी परीक्षा चांगली गेली नाही. मी ट्राममधून उतरून खाली मान घालून घराकडे येत होते, तर वरून काकांचा आवाज आला. रस्त्यावर मराठी कुणाला कळत नाही, या सवयीने ते मोठ्याने बोलत असावेत.

"आपली पोरगी येतेय. हातात पिशवी आहे, पाव दिसतो. खांदे पडलेत."

"रडलीये का?"

"थांब, दिव्याखाली येऊ दे." मी दिव्याखाली आले. "नाही रडलेली. पण जेवायला आग्रह करावा लागेल."

मी मान वर केली.

"आता वर बघतेय," काका हळू आवाजात म्हणाले. "हसलीसुद्धा. पूर्ण नाही, पण हसली."