रॅम्स हेडचं छत

छतातून पांढरी पूड पहिल्यांदा पडली ती थेट स्टॅन्लीच्या बिअरमध्ये.

"काय गं डोरीन, आता वरून मीठपण घालतेस का?" तो म्हणाला. डॉमिनोजच्या सोंगट्या मांडून बसलेले सगळे हसले. डोरीनही हसली आणि तिने ग्लास बदलून दिला. पण हात पुसता पुसता तिची नजर वर गेली आणि तिथंच अडकली.

रॅम्स हेड हा इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या चढावरचा जुना पब. नवरा क्लिफर्ड गेल्यापासून डोरीन ऑलरॉइड तो एकटीच चालवत होती. पुरुषांच्या मोठ्या खोलीत दगडी फरशी, भिंतीला जडवलेली उंच पाठीची बाकं, काळ्या लोखंडाची शेगडी. वर गिलाव्यात उठवलेले गुलाब आणि वेली. कुणे एके काळी त्या पांढऱ्या असतील. आता पिढ्यान् पिढ्यांच्या तंबाखूच्या धुराने चहासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडण्याआधी तिने लांब दांड्याचा झाडू घेतला आणि स्टॅन्लीच्या बाकाच्या वर, दोन गुलाबांच्या मध्ये, हलकेच टेकवला. गिलाव्याला पोट सुटलं होतं. दुधावरची साय हलावी तसा तो हलला.

तिने झाडू खाली ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही.

सांगायचं तरी कुणाला? इमारत दारूच्या कारखान्याची. त्यांचे हेपवर्थसाहेब वसंतात येऊन भिंती बोटाने वाजवून गेले होते. "या खोल्यांची खुराडी पाडली ना बाई, की एकच झकास मोठी खोली होईल. खाली गालिचा टाकू." खालच्या रस्त्यावरच्या दोन पबांचं त्यांनी तेच केलं होतं. इथं बारच्या कडेला बायकांची छोटी खोली होती. तिला बाजूच्या गल्लीतून वेगळं दार, बारशी बोलायला एक खिडकी, आणि खिडकीला वेलबुट्टी कोरलेली धुरकट काच. गिरणी सुटली की आयव्ही पिकल्स आणि तिच्या मैत्रिणी तिथं येऊन टेकायच्या. पुरुषांच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. या छोट्या खोलीतलं लाकूड क्लिफर्ड मधमाशीच्या मेणाने घासायचा, मरेपर्यंत. छताचं कळलं की कामगार येतील, आणि आले की छतापाशी थांबणार नाहीत, हे डोरीनला लख्ख दिसत होतं.

मग तिने स्टॅन्लीचं टेबल खिडकीपाशी ओढलं. "शेगडीचा धूर येतो हो तिकडे," ती म्हणाली.

"चाळीस वर्षं येतोय. माझा बाप याच धुरात बसायचा." त्याने टेबल पुन्हा जागेवर नेलं.

त्या खोलीच्या बरोबर वर तिची झोपायची खोली होती. तिथं ती बूट काढून चालू लागली. पुढे चालायचंच सोडलं. स्वयंपाकघरातल्या खुर्चीतच झोपू लागली. चढावरून लॉरी गेली की ग्लास किणकिणायचे आणि तिचा हात बिअरच्या नळावर थबकायचा. गिऱ्हाइकं बोलायची ते तिला ऐकू येईनासं झालं. कान नुसते वर लागलेले. बॅटी स्ट्रीटच्या पबाशी शनिवारी डॉमिनोजचा सामना होता. खोलीत पाय ठेवायला जागा राहणार नव्हती, आणि स्टॅन्ली त्याच बाकावर बसणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी आयव्हीने खिडकीतून ग्लास परत सरकवला. "डोरीन, मी काळी बिअर मागितली होती. ही कसली दिलीस? आणि तोंड का असं उतरलंय?"

डोरीनला राहवलं नाही. खिडकीत वाकून तिने हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. "पण मी बोलले तर तुमची ही खोलीपण जाईल हो, आयव्हीबाई."

"गेली तर गेली. घरी बसून पिईन." आयव्हीने शाल सावरली. "त्या म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, तर इथं बसून मला घोट गिळवेल का? तुला तरी?"

शनिवारी सामन्याआधी डोरीनने मोठ्या खोलीला कुलूप घातलं आणि कारखान्याला फोन केला. छत पडेल म्हणून सांगितलं, तरी बाहेर माणसं खवळली. पाहुणा संघ परत गेला.

"क्लिफर्ड असता तर असं झालं नसतं," स्टॅन्ली म्हणाला. "एवढ्याशा भुकटीला घाबरतेस? बाईमाणसाच्या हाती पब दिला की हे असं."

ते तिला लागलं. तिने किल्ली मात्र दिली नाही.

सोमवारी कामगार आला. त्याने दारातूनच लांब बांबू वर टेकवला आणि एकदम मागे उडी मारली. मधला सगळा गिलावा आतल्या लाकडी पट्ट्यांसकट खाली आला. गुलाब, वेली, सगळं. धुरळा बसला तेव्हा स्टॅन्लीचं बाक दिसत नव्हतं. तिथं नुसता ढीग होता. स्टॅन्ली दारात उभा होता. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "चहा मिळेल का गं पोरी?"

डोरीनला ज्याची भीती होती ते झालंच. शेगडी उखडली, बाकं गेली, मोठ्या खोलीच्या पलीकडे एक बैठकीची खोली होती, तीही पाडून मोठीत मिसळली. हेपवर्थसाहेब खडूने खुणा करत बायकांच्या खोलीच्या लाकडी भिंतीपर्यंत आले, तेव्हा डोरीन आडवी उभी राहिली.

"साहेब, छताचं मी आपणहून सांगितलं. सामना होऊ दिला असता, तर आज तुम्ही इथं खुणा करत नसता, कोर्टात उभे असता."

साहेबांनी ढिगाकडे पाहिलं. मग बाहीने खडू पुसला. "ठीक आहे. तूर्तास राहू दे."

पब पुन्हा उघडला त्या दिवशी आयव्ही गल्लीच्या दाराने आली आणि आपल्या जागी बसली. नव्या मऊ खुर्चीत स्टॅन्ली पलीकडून कुरकुरत होता, "बसतोय की बुडतोय तेच कळत नाही." डोरीन हसली. पण 'तूर्तास' हा शब्द तिच्या मनातून गेला नाही. त्यानंतर बरीच वर्षं तिने तो पब चालवला. कारखान्याची गाडी दारात थांबली, की ती हातातलं काम टाकून त्या छोट्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची.