भुलभुलैयातून बाहेर आलेले मामा

माझे मामा काचकाम करायचे. घरांच्या खिडक्या, दुकानांची शोकेस, केशकर्तनालयांतले आरसे. हातांवर जुन्या जखमांच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या आणि बोलणं तोलूनमापून. समोर माणूस बोलत असला तरी मामांची नजर त्याच्या मागच्या तावदानावर.

मामी म्हणायची, "लग्न ठरलं त्या दिवशी मी दोन तास यांच्यासमोर बसले होते. विचार यांना, कुठल्या रंगाचे कपडे होते माझ्या अंगावर? शपथेवर सांगते, नाही सांगता येणार. पण माझ्या पाठीमागच्या कपाटाची काच तडकलेली होती, ते बरोबर सांगतील."

"खालच्या कोपऱ्यात," मामा म्हणायचे. हसायचेसुद्धा नाहीत.

मी बारा वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेले होते. मामांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. एका जागी टिकायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिने हट्ट धरला, मामीने तो पुढे रेटला आणि एका रविवारी मामांनी दुकान बंद ठेवून आम्हाला मोठ्या पार्कात नेलं.

आकाशपाळण्यात मामी डोळे घट्ट मिटून बसली आणि खाली उतरल्यावर म्हणाली, "किती छान दिसतं नाही वरून!" मोठ्या रोलर कोस्टरच्या दारात उंची मोजायची पट्टी होती आणि भिंगरी तिला चार बोटं कमी पडली. तिने तिथेच भोकाड पसरलं. तिला गप्प करायला मामांनी आजूबाजूला पाहिलं, तर समोरच आरशांचा भुलभुलैया. तिथे उंचीची अट नव्हती.

"चला," मामा म्हणाले, "हे आपलं घरचंच काम." दिवसभरातलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य.

मामीचे पाय दुखत होते, ती बाहेर बाकावर बसली. दारातल्या केशरी टोपीवाल्या बाई म्हणाल्या, "आरशांना हात लावू नका हं." मामांनी मान हलवली आणि आत शिरताच पहिल्या आरशावर बोटाचं पेर वाजवलं.

दोन वळणं घेतली आणि बाहेरचा सगळा गोंगाट कापून टाकल्यासारखा थांबला. भिंगरी पुढे पळाली. तिची दहा-बारा रूपं चारी बाजूंनी पळाली आणि मग एकही दिसेना. मी मामांच्या शर्टाचं टोक धरून चालत होते. ते प्रत्येक आरशावर टकटक करत पुटपुटत होते, "कड नीट घासली नाही... हा नवा बसवलाय..."

मग ते थबकले.

समोर मामाच उभे होते. तोच निळा चौकड्यांचा शर्ट, तेच विरळ केस. मामांनी हात उचलला. समोरच्याने उचलला नाही. मी मामांच्या आडून डोकावले, तर समोर मी नव्हते. त्यांच्या शर्टाला धरून कोणीच उभं नव्हतं. आणि मामांचं पेन डाव्या खिशात, म्हणजे आरशात ते आमच्या डावीकडेच दिसायला हवं. ते दिसत होतं उजवीकडे, समोर खराखुरा माणूस उभा राहिला की दिसतं तसं.

मामांनी बोटाचं पेर पुढे नेलं. पुढे, अजून पुढे. टकटक झालीच नाही.

"काच नाहीये," मामा म्हणाले. इतक्या हळू आवाजात की मला ते ऐकू आल्याचीच भीती वाटली.

समोरचा माणूस अंग चोरून बाजूला सरकला, बोळात समोरून कोणी आलं की आपण सरकतो तसा. त्याच्या मागे भिंगरी होती. त्याचं बोट धरून. ती त्याच्याकडे मान वर करून बघत होती आणि तो वाकून तिच्याकडे.

मामांनी झडप घालून तिला उचललं आणि आम्ही कसे बाहेर आलो ते मला आठवत नाही. उन्हात आल्यावर मामांना दम लागला होता. भिंगरी मात्र खुशीत होती.

"ते बाबा माझ्याकडे बघत होते," ती म्हणाली. "सगळा वेळ."

मामीला वाटलं, खेळ चाललाय. मामा तडक टोपीवाल्या बाईंकडे गेले. आत रिकामी चौकट कुठे आहे, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "रिकामी? नाही हो. सगळीकडे आरसे आहेत. सकाळीच मी पुसलेत."

मामा आत गेले. एकटेच. मी "नको" म्हणाले, पण तोवर ते पहिल्या वळणाआड गेले होते.

आम्ही बराच वेळ बाकावर बसलो. आकाशपाळणा भरला, फिरला, रिकामा झाला, पुन्हा भरला. मामी उठायच्या बेतात असताना मामा दारातून बाहेर आले. सरळ आमच्याकडे आले, मामीसमोर उभे राहिले आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "फार वेळ बसावं लागलं ना? दमलीस का गं?"

मामीने बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

त्या दिवसापासून मामा बदलले. जेवताना आमच्या गोष्टी ऐकायचे, मधेच प्रश्न विचारायचे. भिंगरीला कोडी घालायचे. गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा. खिडक्यांचं काम चालू ठेवलं, पण आरशांचं कायमचं सोडलं. कारण कधी सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, माणूस सुधारला. मी मात्र पुढची बरीच वर्षं त्यांच्या जवळ बसायचं टाळलं. ते माझ्याकडे प्रेमाने बघायचे आणि माझ्या मानेवर काटा यायचा.

मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर काही दिवसांनी मी मामीकडे होते. ती धुतलेल्या चादरी घडी करत होती, मी दुसरं टोक धरलं होतं. मी इतकी वर्षं गिळलेला प्रश्न शेवटी विचारला, "मामी, त्या दिवशी पार्कात... तुला कधी काही वाटलं नाही?"

"वाटलं ना," मामी म्हणाली. "लगेच कळलं. घरी यायच्या आधीच."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कोणीतरी मला दमलीस का म्हणून विचारलं होतं. तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

तिने चादरीचं टोक माझ्या हातातून घेतलं, घडी पुरी केली आणि छातीशी धरली.

"पण आधीचे हे तिथेच राहिले गं," ती म्हणाली. "त्यांना कोणी जेवायला वाढत असेल का?"